पाच मीटरवरची खूण

धाकट्या नणंदेचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर लेन्सला ऊन दाखवत होते.

"वहिनी, गावात पट आहे अन् रातच्याले नाटक. सारे पाहुणे येऊन रायले. तुमी बी या, अन् तो तुमचा कॅमेरा आणजा."

तिचं सासर वडशाजवळच्या एका गावात, गडचिरोली जिल्ह्याच्या तोंडाशी. दिवाळी झाली, धान घरात आलं की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगल-धानाच्या मुलखातल्या, गावांना मंडई म्हणजे गावजत्रा, पट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती आणि नाटकांचे वेध लागतात. ज्या गावात नाटक, तिथल्या घराघरात लेकी-जावई, मामे-मावसे उतरतात. चौदा वर्षं ती बोलावत होती. या जानेवारीत जायचं ठरवलंच. वाटेत आंधळगावचा कोसा आणि नवेगावचा तलाव पाहायचा, परतताना मार्कंड्याच्या देवळांना जायचं. आणि आपोआप फोकस होणारी एकही लेन्स बॅगेत घ्यायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

आदली रात्र, अमरावती

ऊन दाखवत होते ती जपानच्या ‘असाही ऑप्टिकल’ (Asahi) कंपनीची सुपर-ताकुमार, ५० मिमी, एफ-१.४, सात काचांची. एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि स्पष्ट दिसणारा पट्टा बारीक होतो. तिच्या काचेत थोरियम आहे. थोरियम घातलं की काच प्रकाशाला जास्त वाकवते, पण रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून त्या काळी चांगल्या लेन्समध्ये ते घालत. थोरियम किरणोत्सर्गी असतं आणि त्याच्या माऱ्यानं काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. मी नागपुरात एका जुन्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडून ती घेतली तेव्हा काच कोऱ्या चहासारखी दिसत होती. यावर औषध म्हणजे अतिनील किरण, आणि ते आपल्याकडे फुकट मिळतात. त्या मे महिन्यात रोज सकाळी दोन तास फॉइलवर ठेवून तिला ऊन दिलं, वीस दिवसांत काच स्वच्छ झाली. दुपारचं ऊन मात्र नको. आतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, मग पाती चिकटतात. दोन-तीन वर्षांनी पुन्हा थोडी झाक आली, म्हणून हे संक्रांतीचं ऊन.

दुसरी हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ-२. ही सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यासोबत यायची. आमच्याकडचा एक स्टुडिओ बंद झाला तेव्हा कपाटातून निघाली. नंबराचे पहिले दोन आकडे ७८, म्हणजे १९७८ची. हिचा आराखडा मुळात जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटारचा, १९३०च्या दशकातला. तिसरी पुन्हा सुपर-ताकुमारच, २८ मिमी, एफ-३.५, घर आणि देवळासारख्या अडचणीच्या जागांसाठी.

तिन्हींना मागं ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे आहेत. बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. या आट्यांच्या लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमी अंतरावर बसतील अशा बनवलेल्या. माझ्या सोनी ए-सेव्हन-टूमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सर १८ मिमीवर. मधली २७.४६ मिमी जागा अडॅप्टर भरून काढतो, तो म्हणजे एक पोकळ नळी, आत काच नाही. आरशावाल्या निकॉनवर मात्र या लेन्स नीट चालत नाहीत. तिथं हे अंतरच ४६.५ आहे, म्हणजे लेन्स आधीच एक मिलिमीटर पुढं बसते आणि दूरचं काही स्पष्ट होत नाही.

आता या नळीचा एक अवगुण सांगायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे. स्वस्तातले अडॅप्टर बहुतेक वेळा जरा आखूड असतात. माझा एक दशांश मिलिमीटरनं आखूड आहे. ऐकायला काहीच वाटत नाही, पण ५०च्या लेन्सवर तेवढ्यानं अनंत अंतर, म्हणजे फार दूरचं सगळं, फोकसच्या मीटर कोरलेल्या रिंगेवर २५ मीटरपाशी येऊन बसतं आणि खरे पाच मीटर चारच्या थोडं पुढं. नुसतं डोळ्यानं फोकस करायचा तर यानं काही बिघडत नाही. मला मात्र रिंगेवरचे आकडे वाचून फोकस लावायचा असतो, म्हणून गच्चीवर टेप पसरून मोजमाप केलं आणि लाल नेलपेंटचे ठिपके दिले. एक पाच मीटरचा, एक दहाचा, एक अनंताचा. तिन्ही लेन्सना.

कॅमेऱ्याला दोन गोष्टी सांगून ठेवाव्या लागतात. लेन्स नसली तरी शटर उडव, कारण या लेन्सना विजेची तार नाही, त्या लागल्या आहेत हे त्याला कळतच नाही. आणि लेन्स बदलली की हात हलणं सावरणाऱ्या यंत्रणेत मिमीचा आकडा हातानं भरायचा. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरही नोंदलं जात नाही. म्हणून वही ठेवते. हे सगळं त्या वहीतूनच लिहिते आहे.

पहिला दिवस, आंधळगाव

पहाटे निघाले, नागपूर टाळून पुढं भंडारा, तिथून मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव. हे कोशाचं गाव. कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याची अळी तुतीवर नाही, जंगलात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते, पिढ्यान्‌पिढ्या ढिवर लोकांनी ती सांभाळली. त्याचा रंग मधासारखा, आणि तो मुळातलाच असतो.

ज्या घरी गेले तिथं आजोबा करवतकाठी विणत होते. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. विदर्भाच्या या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवायचा, त्यातूनच दाते उमटतात. त्यामुळं काम संथ चालतं. आजी बाजूला चरख्यावर कांड्या भरत होत्या.

माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात. मी समोर मांडी घालून बसले आणि पुढं सरकत गेले. आजोबांनी धोटा न थांबवता सांगितलं, "इथवर या. याच्या पुढं याल तर हाताले लागन."

मी थांबले. हेलिओसची रिंग ६० सेंटीमीटरवर होती. ती अर्ध्या मीटरपर्यंत जाते, म्हणजे आजोबांनी मला लेन्सच्या मर्यादेच्या जरासं अलीकडंच थांबवलं होतं. तिथून एफ-२ ठेवून पाहिलं तर जेमतेम एक सेंटीमीटरच्या पट्टीत सगळं स्पष्ट, पुढं-मागं सगळं विरघळलेलं. धागे दिसत, हात दिसत नव्हते.

इथं आणखी एक अडचण आली. कॅमेऱ्यात स्पष्ट कडांवर रंग चढवून दाखवण्याची सोय आहे, पीकिंग. मी ते लालवर ठेवते. पण ताण्यावर हजारो धागे, प्रत्येकाला कडा, सगळी चौकट लाल झाली. पीकिंगला फक्त कड कळते, त्यातली कोणती कड कामाची हे त्याला कळत नाही. बंद केलं. चित्र मोठं करून पाहायचं बटण दाबलं आणि आजोबांच्या अंगठ्याच्या नखावर रिंग आणली.

हेलिओसला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर थांबा ठरवायचा, मी ५.६ ठरवला. दुसरी न अडखळता सरकते. ती पूर्ण उघडून भरपूर उजेडात फोकस करायचा, मग न बघता थांब्यापर्यंत मिटायची. हाताला सवय झाली की लुगड्याची निरी धरावी इतकं ते सहज होतं. ५.६वर अडीच सेंटीमीटर मिळाले. अंगठा, धोटा आणि करवतीचे तीन दाते त्यात मावले.

एकूण सतरा फोटो, दोन तासांत. निघताना आजोबांनी लेन्स मागितली. डोळ्याला लावली नाही, कानाजवळ धरली, रिंग हळू इकडून तिकडं फिरवली. "तेल बरोबर हाय," म्हणाले आणि परत दिली. या लेन्सबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललेलं नव्हतं.

मुक्काम भंडारा.

दुसरा दिवस, नवेगावबांध

साकोलीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. धान कापून झालेलं, ओलाव्यावर फेकलेली लाखोळी निळ्या फुलांना आलेली. कुठंकुठं कापल्या धानाचे ढीग, पुंजणे, अजून उभे होते.

हा तलावांचा मुलूख आहे. जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले तलाव, माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना नुसतं मामा तलाव म्हणतात. पाणी कुठं अडवायचं, पाळ कशी घालायची ही विद्या इथल्या कोहळी समाजाची, आणि त्या विद्येवर अजूनही धान पिकतं. नवेगावचा तलाव त्यातला मोठा, तिन्ही बाजूंनी डोंगर. हिवाळ्यात दूरदूरची बदकं उतरतात.

बदकांचे फोटो काढले नाहीत. माझ्याकडं लांब पल्ल्याची लेन्स नव्हती, आणि ५८ मिमीला ती बदकं पाण्यावरच्या मोहरीएवढी दिसत होती. तासभर पाळीवर बसून नुसती पाहिली.

पाळीखाली एक ढिवर मासेमारी करून डोंगा काठाला लावत होता. त्याला विचारून ताकुमार ५० लावली, एफ-८, उजेड लख्ख. दहा-बारा फोटो काढल्यावर वहीत लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की कॅमेरा शटरचा वेग १/८००० सेकंद दाखवतो आहे आणि आकडा लुकलुकतो आहे. एफ-८ला एवढ्या वेगाचं काही कारणच नाही. लेन्स उलटी करून पाहिली. या ताकुमारला बाजूला एक छोटा खटका असतो, ऑटो आणि मॅन्युअल. जुन्या कॅमेऱ्यावर ऑटो ठेवलं की लेन्स उघडीच राहायची आणि फोटोच्या क्षणी कॅमेरा मागची टाचणी दाबून पाती मिटवायचा. माझ्या अडॅप्टरमध्ये टाचणी दाबणारं काही नाही. बॅगेत घासून खटका ऑटोवर सरकलेला, पाती जागची हललीच नव्हती. सगळे फोटो एफ-१.४चे, डोंग्याचं टोक स्पष्ट आणि माणूस धूसर. तो तोवर मासे घेऊन निघून गेला होता. मरळ मिळाली म्हणून खुशीत होता, तो चेहरा हुकला याची चुटपुट लागली. त्या दिवसापासून त्या खटक्यावर चिकटपट्टी आहे.

अर्जुनी मोरगावच्या अलीकडं एक बाई रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे विकत बसल्या होत्या. त्यांच्या मागं सात-आठ मीटरवर आंब्याचं झाड, पानांतून ऊन झिरपत होतं. हेलिओससाठी याहून चांगली मांडणी मिळायची नाही. माणूस दीड-दोन मीटरवर, मागं पानांआडून येणारा उजेड, आणि लेन्स पूर्ण उघडी. मग मागचं झाड भोवऱ्यासारखं फिरताना दिसतं. मधल्या उजेडाच्या टिकल्या गोल राहतात, कडेच्या मांजराच्या डोळ्यासारख्या चपट्या होतात. तिरप्या किरणांना लेन्सची नळीच आडवी येते, आणि कडेचे दोष या जुन्या आराखड्यात पुरते काढलेले नाहीत, त्यातून ही घुमरी तयार होते. एकच फोटो घेतला. लोक ही लेन्स फक्त या घुमरीसाठी घेतात आणि प्रत्येक चेहऱ्यामागं ती फिरवत बसतात, ते मला पटत नाही. त्यानं नजर माणसावरून उडते. त्या बाईंच्या फोटोतही मी झाडच आधी बघते, हे मला आवडलेलं नाही.

संध्याकाळी नणंदेच्या घरी. अंगणात शेकोटी, बारा पाहुणे, भात आणि लाखोळीचं वरण. भाचा बारा वर्षांचा झालाय. लेन्स पाहून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मामी, याच्यावर मीटर काहून लिहिले?"

तिसरा दिवस, पट आणि नाटक

सकाळी त्याला उत्तर दाखवलं. अंगणात त्याला उभं केलं, रिंग तो स्पष्ट दिसेपर्यंत फिरवली आणि ठिपक्यांच्या हिशेबानं अंतर वाचून सांगितलं. त्यानं पावलांनी मोजलं. पुन्हा उभा राहिला, पुन्हा मोजलं. दहा वेळा तरी. मग तो उलटं करू लागला. आधी अंतर सांगायचा, मग मी रिंग वाचायची. दुपारपर्यंत त्याचा अंदाज माझ्याहून चांगला झाला होता. नव्या लेन्सवर हे आकडे बहुधा नसतातच. अंतर कॅमेऱ्याला कळतं, आपल्याला सांगत नाही.

पट गावाबाहेरच्या मोकळ्या रानात. शंकरपट मधली बरीच वर्षं बंद होते. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली आणि गावं पुन्हा भरू लागली, २०२३च्या मे महिन्यात त्यानं शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदेही वैध ठरवले. जोड्या धुऊन-पुसून आणलेल्या, शिंगांना रंग, पाठीवर झूल. बैलावर हात फिरवणारे म्हातारे मला धावणाऱ्या बैलांहून जास्त पाहावेसे वाटले.

फोटोचं म्हणाल तर हातानं फोकस करणाऱ्याला पट सोपा जातो. जोडी कुठून जाणार हे आधीच ठरलेलं असतं. चुन्याच्या रेघेपासून दहा मीटरवर, दोरीच्या बाहेर उभी राहिले, हेलिओस एफ-८, रिंग दहाच्या ठिपक्यावर. तेवढ्यात सहा मीटरपासून तीस-पस्तीस मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं स्पष्ट. शटर १/१०००. मग रिंगेला हातच लावायचा नाही, रेघेवर जोडी आली की दाबायचं. धूळ मात्र प्रचंड. लेन्स बदलायची नाही, बदलली तर उघड्या सेन्सरवर सगळं रान बसतं. दिवसभर एकच लेन्स.

तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं नाटकाच्या शामियान्यात गेलो. कंपनीचा ट्रक आलेला, पडदे चढत होते. वडसा हे या नाटकांचं ठाणं, तिथं मंडळांची कार्यालयं आहेत, तारखा तिथंच ठरतात. हंगामात हे कलावंत रोज नव्या गावात रात्रभर उभे राहतात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नणंदेच्या गावात पेढे वाटले होते. व्यवस्थापकांना फोटोंबद्दल विचारलं. म्हणाले, "काढा ना जी. पण उठून फिरायचं नाही, अन् फ्लॅश नाही."

म्हणजे रात्रभर एका जागी. मग जागा मोजायलाच हवी होती. मंडपाच्या सुताराकडून भाच्यानं टेप मागून आणला. पहिल्या रांगेच्या बांबूपासून रंगमंचाच्या मधोमध पाच मीटर दहा सेंटीमीटर. कडेपर्यंत चार. मागच्या पडद्यापर्यंत साडेसात. त्यानं हे वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

नाटक अकराला उभं राहिलं. तोवर थंडी चांगलीच पडली होती, लोक घोंगड्या-चादरी घेऊन आलेले, पोरं आयांच्या मांडीवर. रंगमंचाच्या खाली वादक, तबला, ऑर्गन आणि ऑक्टोपॅड. नाटक कौटुंबिक, दोन भाऊ आणि एक बांधी. पहिल्याच प्रवेशात एका बाईंनी असा आवाज लावला की मागच्या शेकोट्यांपाशी बसलेले लोक उठून पुढं आले.

पहिले चार फोटो वाया गेले. १/२५० ठेवलं होतं, फोटोत आडवे काळे पट्टे आले. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, काही दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर त्याहून घाईचं असलं की एखाद्या मंद क्षणाचा पट्टा चौकटीत उतरतो. १/१००वर आणलं, पट्टे गेले. ताकुमार ५०, आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता ३२००. एफ-१.४ला चेहऱ्यावर एक धुक्यासारखी साय येते, म्हणून एफ-२. पाच मीटरवर एफ-२ला साधारण सव्वा मीटर जाडीचा पट्टा स्पष्ट असतो. नट अर्धा मीटर पुढं-मागं झाला तरी चालतं. मग एकदा लाल ठिपका लावायचा आणि नाटक बघायचं, डोळा कॅमेऱ्याला न लावता.

ही गोष्ट मला सांगायची होती. मी त्या रात्री नाटक पाहिलं. दरवेळी कार्यक्रमाचे फोटो काढते तेव्हा पडद्यावरचा हिरवा चौकोन कोणाच्या डोळ्यावर बसला एवढंच पाहत राहते, घरी आल्यावर आठवणारं काहीच नसतं. इथं अंतर ठरलेलं, बोट शटरवर, आणि डोळे रंगमंचावर. धाकटा भाऊ वाटणीच्या कागदावर अंगठा द्यायला वाकला तेव्हा मला कळलं की आता हा थांबणार, कारण तो श्वास घेताना मी पाहिला होता. तो फोटो आहे माझ्याकडं.

नट पुढं कडेवर येऊन बसले की पट्टा सुटायचा. अंधारात रिंग वाचता येईना. तेव्हा भाचा कानाशी पुटपुटायचा, "मामी, चार." मग, "साडेचार." मी बोटानं ठिपक्यापासून तेवढं मागं-पुढं करायची. दोनच्या सुमारास एका प्रवेशात मागचा दिवा सरळ लेन्समध्ये आला. या जुन्या काचांवरचा लेप आजच्यासारखा दाट नाही, समोरून दिवा आला की सगळ्या फोटोवर दुधाचा हात फिरतो. डावा तळवा लेन्सच्या वर धरून दिवा अडवला. पण आईच्या मरणाचा तो प्रवेश होता, आणि अडवण्याआधी घेतलेला दुधाळ फोटोच मी ठेवला आहे.

तीन वाजता भाचा झोपला. त्यानंतरचे बरेच फोटो चुकले.

पहाटे साडेपाचला पडदा पडला. २८ची लेन्स लावून मंडपाचा एक फोटो घेतला, सतरंजीवर झोपलेली पोरं, त्यांना उचलणारे बाप, आणि चेहऱ्याचा रंग पुसत तिकीट खिडकीपाशी चहा पिणारा खलनायक.

चौथा दिवस, अंगण आणि मार्कंडा

दहाला जाग आली. अंगणात नणंदेच्या सासूबाई तूर निवडत उन्हात बसलेल्या. दोन दिवस मी कॅमेरा वळवला की त्या पदर ओढून आत जायच्या. आज मी कॅमेरा बाजूला ठेवून तूर निवडायला बसले.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "त्याच्यातून काय दिसते जी?"

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालेलं. कॅमेऱ्याच्या डोळ्यापाशी चष्म्याच्या नंबरासाठी बारीक चकती असते, ती त्यांच्या डोळ्याला जुळेपर्यंत फिरवली, त्यांचं बोट ताकुमारच्या रिंगेवर ठेवलं आणि म्हटलं, फिरवा. समोर कोठ्याच्या दारात भाचा बैलाला वैरण घालत होता.

"आला," त्या म्हणाल्या. रिंग फिरवली. "गेला." पुन्हा. "आला! गेला. आला." कितीतरी वेळ त्या नुसतं तेच करत राहिल्या. बोट आपोआप हळू होत गेलं, गेल्या-आल्याच्या मधली जागा लहान लहान होत गेली. कुणी शिकवल्याशिवाय त्या अगदी बरोबर तेच करत होत्या, जे मी शिकायला वर्ष घालवलं. मग मी त्यांचं दुसरं बोट शटरवर नेलं. पुढच्या "आला"ला त्यांनी दाबलं.

फोटो मोठा करून पाहिला. फोकस नातवावर नव्हता, बैलाच्या डाव्या शिंगावर होता, जिथं पटाच्या दिवशीचा रंग खरवडला गेलाय. "त्याचं शिंग दुखते का, ते पाहत होती," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी मला त्यांचा एक फोटो काढू दिला. एक मीटरवरून. जवळ ये, असं त्यांनीच सांगितलं.

दुपारी निघाले. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी करत ऊन उतरताना मार्कंड्याला पोचले. दक्षिणेकडं वाहणारी वैनगंगा इथं वळून उत्तरवाहिनी होते, त्या वळणावर ही देवळं. महाशिवरात्रीला इथं पाय ठेवायला जागा नसते, आज मोजकी माणसं. मुख्य देवळाच्या डागडुजीचं काम पुरातत्त्व खात्यानं काढलेलं. भिंतीवरच्या मूर्ती वरपर्यंत रांगांनी, सांजउन्हात एकेक जागी होत गेलेल्या.

२८ची लेन्स इथं कामी आली. एफ-८ला सव्वातीन मीटरवर फोकस ठेवला की दीड मीटरच्या थोडं पुढून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट, हे गणित रिंगेवरच कोरलेलं असतं, दोन्ही बाजूंना आकड्यांच्या जोड्या असतात. पण त्या खुणा फिल्मवरून काढलेल्या साध्या आकाराच्या फोटोंसाठी. २४ मेगापिक्सेलवर मोठं करून पाहिलं तर कडेच्या मूर्ती मऊ दिसतात. म्हणून मी खुणा एफ-८च्या वापरते आणि अ‍ॅपर्चर ११ ठेवते. सूर्य बुडेपर्यंत भिंतीपासून सारख्या अंतरावर चालत देवळाला एक फेरी घातली.

पाचवा दिवस, परत

मुक्काम चामोर्शीला केला होता. पहाटे पुन्हा नदीवर. दाट धुकं. पलीकडचा काठ नाही, पाणी नाही, फक्त एक डोंगा आणि उभा माणूस, करड्यावर करडा. धुक्यात पीकिंगला कड सापडत नाही, मोठं करून पाहिलं तरी सगळंच सारखं. मग ५० लावली आणि बोटानं अनंताचा ठिपका शोधला. कंपनीनं कोरलेलं अनंत नव्हे, माझं, पंचवीस मीटरपाशी असलेलं. फक्त तीन फोटो. डोंगा धुक्यात शिरला.

मूल, सिंदेवाही, नागभीड. भिवापूरजवळ मिरच्यांचे लाल सडे उन्हात पसरलेले, दोन किलो घेतल्या, फोटो काढला नाही, हात भरले होते.

उमरेडच्या अलीकडं भाच्याचा फोन आला. "मामी, सुताराचा टेप तुमच्या बॅगेत गेला का? तो मले विचारून रायला."

गाडी कडेला घेतली. बॅगेत हेलिओसच्या खाली होता, धुळीनं भरलेला, चार मीटरपाशी बाहेर ओढून अडकवलेला.

"आहे," म्हटलं.

"त्यानं सांगतलं, पुढच्या नाटकाले आणून द्या."

"कधी आहे?"

"होळीच्या आधी. पहिली रांग या वेळी सहा मीटरवर ठेवतो म्हणते."

वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे, सहाचा ठिपका द्यायचा.